महाधमनीच्या शेजारचा स्नायू

पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते. ती 3 सेंटीमीटरवर गेली की तिला फुगा आला असं म्हणतात. पुरुषांत 5.5 आणि स्त्रियांत 5 सेंटीमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. त्याआधी सीटी स्कॅन होतोच, आणि सगळ्यांचं लक्ष अर्थातच फुग्यावर असतं. पण त्याच चित्रात कण्याच्या दोन्ही अंगांना दोन करडे गोल दिसतात. ते सोआस स्नायू. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेले हे स्नायू जिना चढताना पाय वर उचलतात.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या शल्यविशारदांनी पोट उघडून महाधमनीची शस्त्रक्रिया झालेल्या 262 रुग्णांचे जुने स्कॅन काढले आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी या स्नायूचं क्षेत्रफळ मोजलं. 2011 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: स्नायू जितका लहान, तितका शस्त्रक्रियेनंतर दगावण्याचा धोका जास्त. हा संबंध सुरुवातीच्या काळात सर्वांत ठळक होता, पुढे तो ओसरत गेला. मला यातली ही दुसरी गोष्ट फार बोलकी वाटते. शरीराची खरी कसोटी लागते तेव्हाच स्नायूचा साठा उपयोगी पडतो.

ही शस्त्रक्रिया म्हणजे शरीरावर मोठा आघात. धमनीला चिमटा लावून खालचा रक्तपुरवठा थांबवतात, कृत्रिम नळी शिवतात, मग रक्त पुन्हा सोडतात. या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि अडीनडीला मुदत ठेव मोडावी तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडायला घेतं. त्यातून सुटणाऱ्या अमिनो आम्लांवर जखम भरते आणि रोगप्रतिकारक पेशी काम करतात. शिवाय श्वासाचे स्नायूही अशक्त असले, तर खोकला जोरात येत नाही, कफ छातीत साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. त्यात अंथरुणाला खिळणं वाईटच. साठीपुढच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास 1 किलो स्नायूंचं वजन उतरलं, असं 2007 सालच्या एका प्रयोगात दिसलं.

वजनकाट्यावर यातलं काहीच कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. तरी युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेली माणसं घरोघरी दिसतात, त्यांना ‘तब्येत चांगली आहे’ म्हणताना सांभाळून.

मात्र स्नायू लहान दिसला म्हणून शस्त्रक्रिया नाकारणं चूक ठरेल. कुठल्या आकड्याखाली धोका, यावर अजून एकमत नाही, आणि स्नायू झडणं हे अनेकदा दुसऱ्या आजाराचंच लक्षण असतं.

तातडीची शस्त्रक्रिया नसेल, तर हाताशी काही आठवडे असतात. इंग्लंडमधल्या हल इथं अशा 124 रुग्णांपैकी निम्म्यांकडून सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाची गुंतागुंत त्यांच्यात 22.6 टक्क्यांना झाली, व्यायाम न केलेल्यांत 41.9 टक्क्यांना. फुगा असलेल्यांनी व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करायचा, जोर लावून वजनं उचलायची नाहीत, पण म्हणून दिवसभर खुर्चीत बसून राहण्याचीही गरज नाही.

जेवणाचंही तसंच. ऑपरेशन ठरलं की आपल्या घरांत ‘हलकं खा’ सुरू होतं: पेज, पातळ वरण-भात, चहा-बिस्किटं. प्रेमापोटी होतं सगळं, पण स्नायूंची उपासमार होते. शस्त्रक्रियेच्या काळात दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला किमान 72 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6. म्हणजे दोन्ही वेळच्या ताटात घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे हवेतच. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. हात छातीशी धरून खुर्चीतून सलग पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर ती शारीरिक क्षमता कमी असल्याची खूण. हा आकडा शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत सर्जनना सांगा, आणि स्कॅनमध्ये स्नायू कसे दिसतात तेही विचारा. त्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही.