संचबंदीतील अलार्म-व्यवस्थापन

वीजसंच किंवा रासायनिक प्रकल्प थांबवताना, थांबलेला असताना व पुन्हा सुरू करताना नियंत्रण कक्षातले कोणते अलार्म चालू ठेवायचे आणि कोणते तात्पुरते दाबायचे (म्हणजे ऑपरेटरपुढे येऊ द्यायचे नाहीत), हे ठरवण्याची पद्धत. कोराडी, खापरखेडा व मौदा येथील औष्णिक केंद्रांमुळे नागपूरला हा विषय परका नाही.

जुन्या पॅनेलवर प्रत्येक अलार्मला स्वतंत्र वायर आणि दिव्याची खिडकी लागे, म्हणून त्यांची संख्या आवाक्यात राही. संगणकीय नियंत्रण (डीसीएस) आल्यावर ती आडकाठी गेली आणि अलार्म वाढत गेले. या शास्त्राचा उगम काहीजण थ्री माइल आयलंड अणुकेंद्रातील अपघातात (1979) शोधतात. मात्र त्याला शिस्तीचे रूप येण्यास वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचा स्फोट (24 जुलै 1994) अधिक कारणीभूत झाला असावा. तेथे स्फोटाआधीच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. पुढे त्या-त्या तांत्रिक संस्थांच्या नावाने ब्रिटनमध्ये ईईएमयूए 191 (1999), अमेरिकेत आयएसए 18.2 (2009) व आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसी 62682 (2014) ही मार्गदर्शके निघाली. एका ऑपरेटरपुढे 10 मिनिटांत 10 हून अधिक अलार्म आले, तर तो अलार्मचा पूर समजतात.

आयएसएच्या परिभाषेत अलार्म दाबण्याचे तीन प्रकार आहेत : ऑपरेटरने मुदतीपुरता बाजूला ठेवणे (शेल्व्हिंग), यंत्राची अवस्था ओळखून लॉजिकने (नियंत्रण-प्रणालीत आधीच घातलेल्या नियमांनी) आपोआप दाबणे, आणि देखभालीसाठी सेवेबाहेर काढणे. बोलण्यात या तिन्हींना सर्रास ‘बायपास’ म्हटले जाते. तो शब्द ट्रिपसारख्या (धोका दिसताच यंत्र आपोआप बंद करणाऱ्या) संरक्षणांपुरताच राखावा हे बरे. अलार्म दाबला तरी ट्रिप शाबूत राहते. ट्रिप बायपास केली, की यंत्राचे संरक्षणच जाते.

बंद पंपाचा ‘दाब कमी’ हा अलार्म निरर्थक असतो, तो लॉजिकने दाबणेच उत्तम. पण संच बंद झाला म्हणजे सगळेच थंडावले, असे नव्हे. टर्बाइनचा रोटर थंड होईपर्यंत बॅरिंग गिअरवर (त्याला संथ फिरवत ठेवणाऱ्या यंत्रणेवर) फिरत असतो, त्यामुळे बेअरिंगच्या तेलाचा अलार्म चालूच हवा. जनरेटरमध्ये हायड्रोजन आहे तोवर सील ऑइलचाही (हायड्रोजन बाहेर गळू न देणाऱ्या तेलाचाही) हवा. एअर प्रीहीटरमध्ये (बॉयलरकडे जाणारी हवा तापवणाऱ्या यंत्रात) साठलेली काजळी संच बंद केल्यानंतरही पेटू शकते, म्हणून तेथील तापमानाचा अलार्म दाबणे धोक्याचे.

सेवेबाहेर काढलेला प्रत्येक अलार्म कोणी, का व कोणत्या परमिटवर काढला याची नोंद ठेवावी लागते. ती यादी पाळीगणिक पुढच्या ऑपरेटरच्या हाती देतात आणि बॉयलर लाइट-अप करण्यापूर्वी (पुन्हा पेटवण्यापूर्वी) एकेक नोंद ताडून अलार्म पूर्ववत करतात.