रॉकमधली आवडनिवड (गोव्यातले मराठी श्रोते)

रॉक या एकाच नावाखाली ब्लूज रॉक, हार्ड रॉक, प्रोग (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या तालांचं), पंक (छोटी, वेगवान, साधी गाणी), मेटल (जड, दणदणीत गिटारचं), ग्रंज (खरखरीत गिटारचं, उदास) असं बरंच काय काय येतं, आणि त्यातलं कुणाला काय भावतं नि कुणाला काय पाच मिनिटंसुद्धा सोसवत नाही, हा या नोंदीचा विषय. यावरून जगभर तावातावाने भांडणं होतात, गोव्यातही होतात. पण फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या बाजूच्या घरांत बोलणं कोकणीत, पेपर मराठी, देवळात भजन आणि शेजारच्या वाड्यावर लग्न असलं की इंग्रजी गाणी वाजवणारा बँड, हे सगळं लहानपणापासून एकाच कानात जात असतं, त्यामुळे इथली आवड जरा वेगळ्या वाटेने तयार होते. लेबलावर काय लिहिलंय त्यापेक्षा कान आधी कशावर तयार झालाय यावर ती जास्त ठरते असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे, पटलं तर घ्या.

थोडी पार्श्वभूमी

रॉक अँड रोल १९५० च्या दशकात अमेरिकेत ब्लूज, रिदम अँड ब्लूज आणि कंट्री यांच्या मिश्रणातून आलं. साठच्या दशकाच्या शेवटी गिटारचा आवाज जाड झाला, गाणी लांबली आणि फांद्या फुटायला लागल्या. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा पहिला अल्बम १९७० चा, प्रोग बँड पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ चा, १९७७ पर्यंत पंकवाल्यांनी या लांबलचक प्रकरणांची टर उडवायला सुरुवात केली होती आणि १९९१ मध्ये निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमने सिअॅटलचं ग्रंज घराघरात नेलं. बाकी उपप्रकारांची यादी करत बसलो तर नोंद संपायची नाही.

एक योगायोग मात्र सांगायलाच हवा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली तिच्यावर चक बेरीचं रॉक अँड रोल आहे आणि फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा आहे. घरात कुणी रॉकला नाकं मुरडली की हे सांगायचं, निदान दोन मिनिटं तरी समोरचा गप्प बसतो.

सा, प आणि तीव्र मध्यम

हार्ड रॉक आणि मेटलचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर). यात मूळ स्वर आणि त्याचा पाचवा एवढेच, म्हणजे आपला षड्ज-पंचम. मधला गंधार गाळतात, कारण अॅम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर) डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दामची खरखर, चढवलं की गंधार मिसळलेला कॉर्ड चिखल झाल्यासारखा ऐकू येतो, सा-प मात्र स्वच्छ आणि दणदणीत राहतो. ज्याच्या घरी तंबोरा किंवा निदान भजनाची पेटी सतत चालू असायची त्याला ही सा-पची भिंत लवकर ओळखीची वाटते, आणि जॅझच्या अंगाने जाणारे, भरगच्च कॉर्डवाले रॉक प्रकार त्याला जरा उशिरा पचतात, असं बऱ्याच जणांशी बोलताना जाणवतं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही.

ब्लॅक सॅबथच्या त्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात रिफ (गिटारवर परत परत येणारा छोटा तुकडा) षड्जावरून तीव्र मध्यमावर येऊन थांबतो आणि अंगावर काटा येतो. आता हाच तीव्र मध्यम यमनात किती गोड लागतो! स्वर तोच, पण तिथे शेजारी गंधार, पंचम, निषाद असतात आणि इथे त्याला उघडा टाकलाय, संथ लयीत, खर्जात. त्या आवाजामागे एक अपघात पण आहे. गिटारिस्ट टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली, तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच नेमका तो. मग प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा ढिल्या करून सूरच खाली उतरवला. मेटलवाले ज्या 'हेवी'साठी जीव टाकतात त्यातला मोठा भाग असा आला.

तालाचा हिशोब

पिंक फ्लॉइडच्या 'मनी' गाण्यातली बेस गिटार ७ मात्रांत फिरते आणि गिटार सोलो आला की गाणं सरळ ४ मध्ये जातं. नवख्या माणसाचा पाय इथे चुकतो. तबल्यावर रूपक वाजवलेल्याला हे मोजणं जड जात नाही, रूपकाचे ३-२-२ असे खंड त्यावर तसेच्या तसे बसत नसले तरी सातावर परत येण्याची सवय असते. म्हणून प्रोगची आवड इकडे संगीत शिकलेल्या मुलांत जास्त दिसली तर नवल नाही.

दुसरीकडे घुमटवाले. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, दुसरं छोटं तोंड उघडं, आणि वाजवताना ते उघडं तोंड तळव्याने मिटत-उघडत राहिलं की आवाज खाली-वर घुमतो. चतुर्थीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळें (मोठी झांज) घेऊन आरती सुरू होते ती सुरुवातीला ठाय असते आणि शेवटाकडे सगळे जण घामाघूम होईपर्यंत चढते, मग एकदम तोडून थांबते. असल्या आरतीत वाढलेल्या पोराला थ्रॅश मेटलची (मेटलचा सुसाट प्रकार) चढती लय आणि एकदम ब्रेक समजावून सांगावा लागत नाही. त्याला कंटाळा येतो तो संथ, वातावरणनिर्मिती करत बसणाऱ्या पोस्ट-रॉकचा. (२०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं.)

नाट्यसंगीताचं आणखी वेगळं. हा तर दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवांच्या मंगेशीचा मुलूख, जत्रेत मराठी नाटक ठरलेलं. वरच्या पट्टीतला खणखणीत आवाज आणि तानांचा फेक ज्यांना आवडतो त्यांना जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफोर्ड किंवा आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन पटकन पटतो. डेथ मेटलचं गुरगुरणं मात्र त्यांना गाणं वाटतच नाही, "घसा जाईल रे तुझा" एवढीच दाद. खरं तर ते नीट शिकून, घशातल्या खोट्या स्वरपट्ट्या वापरून काढतात, पण पटवायला जाऊ नये.

गोव्यात रॉक कसं पोचलं

चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन इथे शतकानुशतकं शिकवलं गेलं, त्यामुळे गिटार-ड्रम वाजवणारे कायम होते. रेकॉर्ड आणि कॅसेटी आणल्या तारवटींनी (जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी) आणि आखातातून येणाऱ्यांनी, त्यामुळे वाड्यावरच्या कुणाच्या तरी काकाची जी आवड तीच वाड्याची आवड व्हायची. काका डीप पर्पलवाला निघाला तर पोरं डीप पर्पलवाली. १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही आला तेव्हा ही मक्तेदारी मोडली. गोव्याचा गायक रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरच्या घरी रेकॉर्ड करून आणला, त्याने इथल्या माणसाचं इथलं इंग्रजी रॉक असू शकतं हे दाखवलं. हणजुणच्या (अंजुना) किनाऱ्यावर हिप्पींच्या काळात रॉकच वाजायचं, ऐंशीच्या दशकात ते इलेक्ट्रॉनिककडे वळलं आणि पुढे त्याचंच गोवा ट्रान्स हे नाचायचं संगीत झालं, म्हणून बाहेरच्यांना गोवा म्हटलं की ट्रान्सच आठवतं.

भांडणं

सगळ्यात कडू भांडणं दोन प्रकारांत नसतात, एकाच बँडच्या चाहत्यांत असतात. मेटालिकाचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि १९९१ चा काळा अल्बम (काळ्या कव्हरमुळे पडलेलं नाव) यांवरून अजूनही बोलणं बंद होतं, जुने म्हणतात दुसऱ्यात लय कमी करून रेडिओसाठी विकले गेले, नवे म्हणतात त्याशिवाय आम्ही मेटलकडे आलोच नसतो. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटालिका बंगळुरूला वाजवून गेले, तिथे दोन्ही पार्ट्या एकाच मैदानात उभ्या होत्या.

मानसशास्त्रवाले म्हणतात की पोरवयात आणि विशीत ऐकलेलं आयुष्यभर चिकटतं, आणि वारंवार कानावर पडलेलं आपोआप आवडायला लागतं. एडिनबराच्या हेरिअट-वॉट विद्यापीठातल्या एड्रियन नॉर्थ यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात मेटल ऐकणारे आणि पाश्चात्य शास्त्रीय ऐकणारे स्वभावाने बरेच सारखे निघाले, दोघेही सर्जनशील आणि शांत. मेटलवाल्या मुलांनी हे घरी दाखवायला हरकत नाही.

लाइव्ह

बारमध्ये किंवा लग्नात वाजवणाऱ्या बँडला कुणाचीच आवड पूर्ण सांभाळता येत नाही, म्हणून सगळ्यांना पाठ असलेली सत्तर-ऐंशीची गाणी आधी, बॅलड (संथ, भावुक गाणी) मध्ये आणि जड गाणी शेवटाला ठेवतात. त्यात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि साउंडचेकला, म्हणजे आधीच्या आवाजाच्या तपासणीला, उशीर हा ठरलेलाच. मग यादीतून कापली जातात ती शेवटची, म्हणजे नेमकी मेटलवाल्यांची गाणी.