प्लाझ्मातल्या नॅनोतारा : प्रतिमानात तापमान कुठले धरायचे?

सोन्याच्या थेंबाखाली सिलिकॉनची नॅनोमीटरांत मोजावी इतकी बारीक तार वाढते. वायूतले सिलिकॉन थेंबात विरघळते आणि खाली घन होऊन साचते, याचा उलगडा 1964 मध्ये झाला. सोने 1064 अंशांना वितळते, सिलिकॉन 1414 अंशांना. दोघांचे योग्य प्रमाणातले मिश्रण मात्र 363 अंशांनाच द्रवरूप होते. पुढच्या दशकात थेंबाच्या वक्रतेचा हिशेब आला आणि बारीक तारा सावकाश का वाढतात ते कळले. ती समीकरणे आजही तारांच्या वाढीच्या बहुतेक प्रतिमानांच्या, म्हणजे गणिती नमुन्यांच्या, गाभ्याशी आहेत.

या शतकाच्या सुरुवातीला सिलिकॉनच्या तारांसाठी प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू-रेणू) असलेला वायू, वापरला जाऊ लागला. सिलेन हा सिलिकॉन आणि हायड्रोजनचा वायू फोडायचे काम इलेक्ट्रॉन करू लागले, त्यामुळे भट्टीचे तापमान उतरवता आले. सुरुवातीच्या प्रतिमानांनी जुनी समीकरणे तशीच ठेवून फक्त कच्च्या मालाचा पुरवठा वाढवला. हीटरवरचा आकडा हेच तारेचे तापमान, असेही धरून टाकले. खरा वाद इथेच आहे.

प्लाझ्माच्या कडेला असलेल्या विद्युतक्षेत्रात आयन वेग घेतात आणि पृष्ठभागावर आदळतात. हायड्रोजनचे दोन अणू तिथे जुळले की सुमारे 4.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) ऊर्जा सुटते. एकट्या तारेचे टोक फारसे तापत नसावे, कारण उष्णता खाली वाहून जाते. तापतो तो सगळा पृष्ठभाग. कमी दाबाखाली हीटर आणि तारा जिच्यावर वाढतात ती पट्टी यांच्यातला उष्णतेचा संपर्कही कमकुवत असतो. 2004 मध्ये कार्बन नॅनोतंतूंच्या प्रयोगात हीटर बंद ठेवूनही निव्वळ प्लाझ्माने पट्टी सुमारे 700 अंशांपर्यंत तापली. तरीही वाढीचा वेग जुळवण्यासाठी ‘प्लाझ्मा ऊर्जेचा अडथळा कमी करतो’ असे म्हणून अडथळ्याचा, म्हणजे अणूला सरकायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, आकडाच खाली ओढण्याची पद्धत टिकून राहिली. अडथळा 1 इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर 400 चे 450 अंश होताच अणूंच्या सरकण्याचा दर तिपटीहून जास्त होतो. म्हणजे तापमानातली 50 अंशांची चूक अडथळ्याच्या नावावर सहज खपून जाते. उष्णतेचा ताळेबंद आधी मांडावा आणि मगच अडथळ्याला हात लावावा, हाच मार्ग सरळ आहे.

पुढे थेंबासाठी सोन्याऐवजी कथिल आणि इंडियम आले. ते 232 आणि 157 अंशांनाच वितळतात, त्यामुळे आणखी थंड पृष्ठभागावर तारा उगवू लागल्या. त्याबरोबर दुसरी अडचण ठळक झाली. प्लाझ्मातले मूलक, म्हणजे सिलेन फुटून झालेले अतिक्रियाशील तुकडे, थेंबाची वाट पाहत नाहीत, ते तारेच्या अंगावरही चिकटतात आणि तार बुडाशी जाड होत जाते. आता प्रतिमानाला प्लाझ्माच्या कडेच्या मिलिमीटरभर जाडीच्या आयन-थरापासून काही नॅनोमीटरच्या थेंबापर्यंत, आणि अणूच्या कंपनापासून तासाभराच्या वाढीपर्यंत सगळे जोडावे लागते. त्यासाठी वायूचे, आयनांचे आणि पृष्ठभागावरील अणूंच्या उड्यांचे हिशेब वेगवेगळे करून एकमेकांत गुंफतात. अणूंमधली बले यंत्रशिक्षणाने, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवून, काढता येत असल्यामुळे यातला पृष्ठभागाचा भाग सुधारतो आहे. पण सिलेनमधून निघणारा मुख्य मूलक पृष्ठभागावर नाहीसा होण्याची जी शक्यता सुमारे 0.26 धरतात, ती अस्फटिक सिलिकॉनच्या सपाट थरांवर मोजलेली आहे. तारेच्या गोल, हायड्रोजनने झाकलेल्या भिंतीसाठी असा आकडा वेगळा मोजायला हवा.