‘हिज’ की ‘हिम’: इंग्रजीतील जेरंडच्या वादाची पार्श्वभूमी

इंग्रजीत ‘आय ऑब्जेक्ट टू हिज स्मोकिंग हिअर’ असे लिहावे की ‘हिम स्मोकिंग हिअर’ असे लिहावे, हा प्रश्न जेरंडच्या, म्हणजे नामासारख्या वापरलेल्या ‘-इंग’ रूपाच्या, धड्यात कधी ना कधी येतोच. बहुतेक शालेय पुस्तके ‘हिज’ हे उत्तर देऊन पुढे जातात. हा नियम भाषेच्या घडणीतून जितका आला, तितकाच विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतील एका आग्रहातूनही आला आहे, आणि तो आग्रह तेव्हाही सर्वमान्य नव्हता.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगता येते. जुन्या इंग्रजीत क्रियापदापासून भाववाचक नाम करण्याचा प्रत्यय ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ होता, तर चालू क्रिया दाखवणाऱ्या विशेषणाचा, म्हणजे पार्टिसिपलचा, प्रत्यय ‘-एंडे’ असा निराळा होता. पंधराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागांत दुसऱ्याचे रूप पहिल्यासारखेच ‘-इंग’ झाले. दरम्यान नाम असलेले रूप हळूहळू क्रियापदासारखे वागू लागले होते. पूर्वी त्याला कर्म जोडायचे तर ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ असा ‘ऑफ’चा आधार लागे, चौदाव्या शतकापासून ‘रीडिंग बुक्स’ असे थेट कर्म येऊ लागले आणि पुढे ‘हॅविंग’ व ‘बीइंग’ यांच्या साहाय्याने होणारी संयुक्त रूपेही रूढ झाली.

‘जेरंड’ ही संज्ञा मात्र लॅटिनच्या वर्गातून आली आणि तिने गोंधळ वाढवला. लॅटिनमधील जेरंडला प्रथमा विभक्ती नाही. ते वाक्याचा कर्ता होत नाही, ते काम तिथे इन्फिनिटिव्ह, म्हणजे क्रियापदाचे मूळ रूप, करते. इंग्रजीत ‘स्विमिंग इज गुड फॉर यू’ असे वाक्य अगदी सहज होते. ज्या रूपाला हे नाव दिले, त्याचा सर्वांत ठळक उपयोगच मूळ संज्ञेत बसत नाही.

अठराव्या शतकात ‘बाय द रीडिंग बुक्स’ अशी मिश्र रचना सर्रास लिहिली जात असे. १७६२ साली एका धर्मगुरूने प्रसिद्ध केलेल्या व्याकरणाने तिला आक्षेप घेतला: ‘द’ आणि ‘ऑफ’ दोन्ही ठेवावेत किंवा दोन्ही गाळावेत. हा नियम टिकला, कारण भाषेचा ओघही त्याच दिशेने होता. क्रियेच्या कर्त्याला षष्ठी लावायची (‘हिज’) की नाही (‘हिम’), यावर मात्र त्या शतकातील व्याकरणकारांचे एकमत झाले नाही. काहींना षष्ठीविना लिहिणे चूक वाटे, काहींना षष्ठीच परकी वाटे, तर दोन्हींचा अर्थ वेगळा आहे असेही सुचवून झाले होते. ‘हर’ या सर्वनामाची षष्ठी आणि द्वितीया इंग्रजीत एकसारखीच असल्यामुळे आणि बहुतेक अनेकवचनी नामांच्या षष्ठीत फक्त लेखनातले चिन्ह बदलत असल्यामुळे, असंख्य वाक्यांत लेखकाच्या मनात नेमके काय होते हे कळण्याचा मार्गच नसतो.

१९०६ मध्ये गर्न्झी बेटावर राहणाऱ्या दोन भावांनी इंग्रजी लेखनातील दोषांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात षष्ठीविना येणाऱ्या रचनेला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असे नाव दिले. त्यांपैकी थोरल्याने १९२६ साली आपल्या प्रसिद्ध कोशात हा हल्ला अधिक धारदार केला. ‘विमेन हॅविंग द व्होट रिड्यूसेस मेन्स पोलिटिकल पॉवर’ या वाक्यात ‘रिड्यूसेस’चा कर्ता कोण, असा त्याचा सवाल होता. ‘विमेन’ म्हणावे तर ते अनेकवचनी आहे आणि क्रियापद एकवचनी. ‘हॅविंग’ म्हणावे तर मग ‘विमेन’ला वाक्यात जागाच उरत नाही. म्हणजे नाम आणि पार्टिसिपल वितळून एक झाले आहेत आणि अशा गोळ्याचे व्याकरण लावता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. युक्तिवाद चलाख आहे. पण ज्या रचनेचे विश्लेषण आपल्या हाताशी असलेल्या चौकटीत होत नाही, तिला दोषी ठरवण्याऐवजी चौकट अपुरी मानता येते, हे त्यात कुठेच विचारात घेतलेले दिसत नाही.

नेमका हाच मुद्दा कोपनहेगनच्या एका भाषाशास्त्रज्ञाने त्याच वर्षी मांडला. मान्यवर लेखकांच्या गद्यातून उदाहरणे काढून त्याने दाखवले की ही रचना आळशी वृत्तपत्री लेखनातून उगवलेली नसून भाषेच्या स्वाभाविक वाढीचा भाग आहे. प्रतिपक्षाला त्याने व्याकरणातील उपजत नीतिउपदेशक ठरवले. शिवाय नियम काटेकोरपणे पाळायचा तर ‘एनिथिंग्ज हॅपनिंग’ किंवा ‘द रूफ ऑफ द हाउस्ज लीकिंग’ असले प्रकार लिहावे लागतात, जे कोणताही शुद्धीप्रेमी स्वतःच्या लेखणीतून उतरू देणार नाही. मराठी वाचकाला हा वाद थोडा विचित्र वाटणे शक्य आहे. ‘त्याचे असे बोलणे मला खटकते’ आणि ‘त्याने असे बोलणे मला खटकते’ ही दोन्ही वाक्ये आपण निःशंकपणे लिहितो, आणि त्यांतले एक अशुद्ध आहे असे सहसा कुणी म्हणत नाही.

विद्वानांमध्ये निकाल भाषाशास्त्रज्ञाच्या बाजूने लागला, शाळांमध्ये कोशकाराच्या. १९८५ च्या एका विस्तृत इंग्रजी व्याकरणाने ‘पेंटिंग’ या एकाच शब्दाची चौदा उदाहरणे ओळीने मांडून, शुद्ध नामापासून शुद्ध पार्टिसिपलपर्यंत उतरण आहे आणि मध्ये कुठे भिंत नाही, हे दाखवले. मूळ कोशाच्या १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत षष्ठी मागे हटत असल्याचे नोंदवले गेले. मात्र व्यक्तिनामे आणि सर्वनामे यांच्या जोडीने ती चांगल्या लेखनात टिकून आहे, हेही सांगितले गेले. २००२ च्या आणखी एका मोठ्या व्याकरणाने तर दोन संज्ञांचा हिशेबच मिटवून ‘जेरंड-पार्टिसिपल’ असे एकच नाव वापरले.

शालेय पुस्तकांपर्यंत यातले फारसे पोहोचलेले नाही आणि त्याचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. ‘सी’, ‘हिअर’, ‘वॉच’ यांसारख्या क्रियापदांनंतर येणारे ‘-इंग’ रूप पार्टिसिपलचेच असते, तिथे षष्ठीचा प्रश्नच येत नाही. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ हेच बरोबर. परंतु ‘-इंग’च्या आधी नेहमी ‘हिज’ एवढेच ज्याने पाठ केले आहे, तो इथेही ‘आय सॉ हिज क्रॉसिंग द रोड’ असे लिहून मोकळा होतो. उलट ‘इन्सिस्ट ऑन’ किंवा ‘ऑब्जेक्ट टू’ यांच्यापुढे औपचारिक लेखनात सर्वनामाची षष्ठी आजही अधिक सफाईदार वाटते, तर निर्जीव वस्तूंची आणि लांबलचक नामसमूहांची षष्ठी तिथेही टाळली जाते.