डीडीटी आणि स्तनाचा कॅन्सर: प्रश्न वयाचा आहे

‘डीडीटी या कीटकनाशकामुळे कॅन्सर होतो ही अफवा आहे, अमेरिकेत केव्हाच सिद्ध झालंय’ असं ठामपणे सांगणारे अजून भेटतात. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांच्या रक्तात डीडीई, म्हणजे डीडीटी मोडून शरीरात उरणारं द्रव्य, जास्त सापडलं आणि खळबळ उडाली. पण 1997 मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत असा संबंध दिसला नाही, 2002 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या अभ्यासातही नाही. विषय संपला असं बहुतेकांनी धरून टाकलं.

या सगळ्या अभ्यासांत रक्त घेतलं होतं ते उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांचं. त्यातलं डीडीई अंगात डीडीटी गेला होता एवढं सांगतं. कोणत्या वयात गेला, ते सांगत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 1959 ते 1967 या काळात गरोदर स्त्रियांची मोठी नोंदणी झाली होती आणि त्यांच्या रक्ताचे नमुने गोठवून जपले होते. डीडीटी तेव्हा सर्रास वापरात होता. संशोधक बार्बरा कोहन यांच्या गटाने बाळंतपणानंतर लगेच घेतलेले नमुने तपासले आणि 2007 मध्ये निष्कर्ष मांडला. अमेरिकेत डीडीटी सर्वांना मिळू लागला तो 1945 मध्ये. तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या, म्हणजे 1931 नंतर जन्मल्या होत्या, त्यांच्यापैकी रक्तात डीडीटी जास्त असलेल्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे पाचपट निघाला. त्याहून मोठ्या असलेल्यांत संबंध दिसलाच नाही!

वयाने एवढा फरक का पडावा? मुलगी वयात येताना स्तनातल्या दुग्धनलिका चरबीत शिरत फांद्यांसारख्या वाढतात. त्यांच्या टोकांशी फुगीर कळ्या असतात आणि तिथल्या पेशी भराभर विभागत असतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, नकलेत चूक राहू शकते. पूर्ण दिवसांच्या गरोदरपणानंतर त्या भागातल्या पेशी दूध बनवण्याच्या कामाला लागून पक्व होतात. उंदरांना कर्करोगकारक रसायन या कळ्या भरात असताना दिलं तर गाठी पुष्कळ होतात, पिल्लं झाल्यावर दिलं तर फार थोड्या.

या वाढीला हुकूम असतो इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा. बाजारातला डीडीटी एकजिनसी नसतो, त्यात रेणूची रचना थोडी वेगळी असलेली रूपं मिसळलेली असतात. बहुतांश भाग पॅरा-पॅरा रूपाचा, उरलेल्यात मुख्यतः ऑर्थो-पॅरा. हे दुसरं रूप पेशीत इस्ट्रोजेन जिथे चिकटतं त्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा फार दुबळं, पण हुकूम तोच. याच गटाने 2015 मध्ये त्या मातांच्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईच्या रक्तात ऑर्थो-पॅरा डीडीटी सर्वांत जास्त असलेल्या मुलींमध्ये बावन्न वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका जवळपास चौपट होता. म्हणजे संपर्क आला होता तो गर्भात असताना.

2015 मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीडीटीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं आणि लिंडेन या दुसऱ्या कीटकनाशकाला थेट ‘कर्करोगकारक’ ठरवलं. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हा फरक पार पुसला जातो. त्याच्या मागोमाग येतात ‘अंगातलं कीटकनाशक काढून टाकणारे’ काढे. चरबीत मुरलेलं डीडीई काढ्याने निघतं याला काहीही पुरावा नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

आपल्याकडे 1989 मध्ये शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली, पण मलेरियाच्या डासांसाठी घरांच्या भिंतींवर फवारणी पुढेही चालू राहिली. मलेरियाने माणसं मरतात, म्हणून ती सरसकट चूक म्हणता येत नाही. पण फवारलेल्या घरात गरोदर बाई आणि वयात येणाऱ्या मुलीही राहतात. अशा फवारणीचे नफेतोटे मांडताना त्यांचा हिशेब वेगळा धरायला हवा.