स्पीकर चांगलाय, गाणंच फाटलंय

भाच्यानं केलेला बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, ताईनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अरे तो स्पीकर फाटलाय, बंद कर आधी." मलाही तसंच वाटलं. खाली पोटात बसणारा दणका, वर कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डवरचा पियानो आणि सगळ्यावर बारीक वाळू भुरभुरल्यासारखी खरखर. कर्वेनगरातून रविवारी उठून तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोण जाणार, म्हणून सोमवारी कॉलेज सुटल्यावर तो स्पीकर घेऊन मीच गेलो. तिथल्या माणसानं जाळी काढली, अंगठ्यानं कोन हलकेच आत दाबून पाहिला, स्वतःच्या फोनवरचं भजन लावलं (स्वच्छ वाजलं), मग भाच्याचा बीट लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, स्पीकर चांगलाय, गाणंच फाटलंय." पैसेही घेतले नाहीत.

घरी येऊन भाच्याला सांगितलं तर पठ्ठ्या खूष. म्हणे मामा, तो एसपी-१२०० चा, आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या जुन्या मशीनचा टेक्स्चर आहे, मुद्दाम आणलाय, त्याची नक्कल करणारं प्लगइन सॉफ्टवेअर आहे, याला अ‍ॅनालॉग वॉर्म्थ म्हणतात, जुन्या बिनआकडी यंत्रांची ऊब. इथे मात्र माझं टाळकं सटकलं, कारण मी पॉलिटेक्निकला सिग्नल शिकवतो आणि हे मशीन अ‍ॅनालॉग नाहीच. त्याची ती खरखर शंभर टक्के डिजिटल आहे, आणि ज्या चुकीतून ती येते ती करू नका असं मी दरवर्षी पोरांना बोर्डावर लिहून देतो. आता निघालं असं की हिपहॉप आणि प्रयोगवालं इलेक्ट्रॉनिक या दोन वेगळ्या संगीतांचं मैत्र त्याच चुकीवर जमलंय.

आधी ही दोन संगीतं कुठली ते पटकन सांगतो. हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा धरतात, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधे डीजे कूल हर्कनं त्या रात्री पार्टीत रेकॉर्डवरचा फक्त तालाचा तुकडा धरून लोकांना नाचवलं. पुढे तोच तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवत न्यायची पद्धत पडली. दुसरीकडे पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफेर नावाचा इंजिनियर १९४८ मधेच आगगाडीचे आवाज रेकॉर्डवर कापून, गोल गोल फिरवून त्याला संगीत म्हणत होता. एक गल्लीतला, एक सरकारी स्टुडिओतला, पण काम एकच, आवाजाचा तुकडा उचला आणि परत परत वाजवा. १९८२ ला दोघांची उघड गाठ पडली, ब्राँक्सच्याच डीजे आफ्रिका बम्बाटानं जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक बँडची चाल घेऊन ती रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठेक्यावर बसवली. आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला आपल्या मुंबईत चरणजित सिंग हा सिनेमात वाजवणारा माणूस तेच ८०८ घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवत होता, तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही, वीसेक वर्षांनंतर बाहेरच्या लोकांनी शोधून काढल्यावर आपल्याला कळलं. असो.

आता चूक. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. डिजिटल मशीन ती सलग बघत नाही, ठरावीक वेळानं डोळा उघडून आकडा टिपतं आणि परत डोळा मिटतं. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा टिपतात. एसपी-१२०० हे ई-म्यू कंपनीचं १९८७ चं मशीन सेकंदाला २६,०४० वेळाच टिपायचं. नियम असा की सेकंदाला जितक्या वेळा टिपता त्याच्या निम्म्या वेळांपर्यंत थरथरणारेच आवाज धड पकडता येतात, त्यावरचे नुसते निसटत नाहीत तर भलत्याच जागी येऊन बसतात.

भलत्या जागी म्हणजे कसं, तर शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ आठवा. समजा तुम्ही दर ५० मिनिटांनी, तास संपल्याची घंटा झाली की एकदाच त्याच्याकडे बघता आणि तासकाटा मोडलेला आहे. बारा वाजता मिनिटकाटा १२ वर. पुढच्या घंटेला १० वर, मग ८ वर, मग ६ वर. काटा बिचारा सरळच फिरतोय पण तुमच्या नोंदवहीत तो उलटा फिरतोय, आणि तेही खूप हळू. तुमच्याकडे फक्त ती वही असेल तर खरं काय हे कळायला काही मार्ग नाही. याला एलियासिंग म्हणतात, एलियास म्हणजे पोलिसांच्या कागदावर असतं ना, अमुक उर्फ तमुक, तेच. जास्त टिपेचा आवाज दुसऱ्याच नावानं वहीत शिरतो. म्हणून टिपायच्या आधीच चाळणी लावून वरचे आवाज काढून टाकायचे असतात. बोर्डावर लिहितो ते हेच.

मग चांगल्या कंपनीच्या मशीनमधे ही चूक आली कुठून? गरिबीतून. एसपीमधे आवाज साठवायला जागा सगळी मिळून १० सेकंदांची, आणि एका तुकड्याला फार तर अडीच सेकंद. सेकंदाला २६,०४० आकडे, प्रत्येक आकडा १२ बिटचा, गुणून बघा, साधारण ३९० किलोबाइट होतात. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुलाबाचा फोटो कधीकधी यापेक्षा जड असतो. एवढ्याशा जागेत अख्खं गाणं उभं करायचं तर पोरांनी युक्ती काढली. ३३ च्या स्पीडची एलपी मुद्दाम ४५ वर लावायची, गाणं चुरुचुरु पळतं, त्यामुळे अडीच सेकंदांत जवळपास ३.४ सेकंदांचा माल बसतो. मग मशीनमधे तो परत हळू करायचा. झालं, जागा वाचली.

आता जरा डोकं लावा, किंवा सरळ पुढचा एक परिच्छेद सोडा, मी राग मानणार नाही. हळू करायचं म्हणजे १०० आकड्यांच्या जागी आता ७४ च नवे आकडे आहेत, पण बाहेर जायच्या वाटेवर मशीन सेकंदाला २६,०४० आकडे फेकणारच. मधल्या २६ जागा भरायच्या कशानं? आजचं सॉफ्टवेअर दोन आकड्यांच्या मधला आकडा हिशोबानं काढतं. एसपी काढत नाही, आधीचाच आकडा पुन्हा म्हणतो, उत्तर न येणारं पोरगं शेजारच्याचं उत्तर ठोकून देतं तसं. आता नवे आकडे सेकंदाला खरे १९,२९० च. त्यामुळे गाण्यात ५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५,००० वेळा थरथरणारा आवाज असेल तर त्याचं एक प्रतिबिंब १९.२९ अधिक ५, म्हणजे २४.२९ वर पडतं. ते कानाच्या पलीकडे आहे, सोडून द्या म्हणाल, पण मशीन २६.०४ च्या चालीनं बोलतंय, त्याचा आरसा निम्म्यावर, १३.०२ ला. प्रतिबिंब त्या आरशातून उलटून २६.०४ वजा २४.२९, म्हणजे १.७५ किलोहर्ट्झला, बरोबर कानाच्या आवडत्या जागी येऊन बसतं. आणि बारीक नाही हां, कागदावरच्या हिशोबानं मूळ आवाजाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्या उंचीचं. या प्रतिबिंबाला मी भूत म्हणतो. आता ४ किलोहर्ट्झला करून बघा, भूत २.७५ ला सापडेल. म्हणजे मूळ आवाज ४ वरून ५ वर चढला की भूत २.७५ वरून १.७५ वर उतरतं! गाणं जिना चढतंय आणि त्याची सावली त्याच जिन्यावरून खाली येतेय. हे मला पहिल्यांदा हिशोबात दिसलं तेव्हा मी रात्री साडेअकराला भाच्याला फोन केला होता, त्यानं "हो मामा" म्हणून ठेवला.

बरं, बाहेर पडताना तरी चाळणी असेल ना? आठ आउटपुट होती, त्यातल्या शेवटच्या दोनांना चाळणीच नव्हती. काही लोक मुद्दाम त्यातूनच ड्रम काढायचे.

हे कानाला घाण का नाही वाटत, हा खरा प्रश्न. तंबोऱ्याची जवारी आठवा. तारेखाली दोरा सरकवून कलाकार ती नेमकी जागा शोधतो आणि एकदम तार बोलायला लागते, नसलेले स्वर उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ ला यावर लिहिलंय, तार जिथे छेडली तिथल्या नियमानं जे स्वर यायलाच नकोत तेही येतात, कारण वाकड्या घोडीवर तार टेकत टेकत हलते. म्हणजे यंत्राच्या "दोषातून" स्वर काढणं आपल्याला नवीन नाही, मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या तेच करतायत. फक्त जवारीचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटीत येतात म्हणून गोड. एसपीचं भूत कुठल्याच पटीत नसतं. गायकाच्या आवाजावर ते बसलं तर शिसारी येईल. पण ड्रमच्या आवाजाला मुळातच असं पटींचं शिस्तीचं घराणं नसतं, टिमकीवर काठी आपटली की सगळीकडचे आवाज एकदम उठतात, त्या गर्दीत भूत मिसळून जातं आणि फटका नुसता जास्त करकरीत लागतो. हिपहॉपचा जीव ड्रममधे, त्यामुळे ही चूक त्यांना लकी लागली. त्यात १२ बिट, म्हणजे उंचीच्या ४,०९६ पायऱ्या, सीडीला ६५,५३६ असतात, त्याची आणखी थोडी खरखर.

आता यात "वॉर्म्थ" कुठे आहे सांगा. वरचे तिखट आवाज साठलेच नाहीत म्हणून गाणं मऊ वाटतं, आणि भुतांमुळे भरीव. तेवढंच. प्लगइन विकणाऱ्यांना हे सांगून चालत नाही, त्यांना "आत्मा" विकायचा असतो. तिकडे कोरेगाव पार्कच्या बाजूला तर ४३२ हर्ट्झचं हीलिंग चालतं, ४४० ला सूर लावला की मन अशांत आणि ४३२ ला विश्वाशी जुळतं म्हणे. अहो, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि सेकंद माणसानं ठरवला, विश्वाला त्याचा पत्ता नाही. शिवाय आपल्याकडे कोण गातंय ४४० ला? एक बाई काळी चारला गाते, एक बुवा पांढरी एकला, ज्याचा त्याचा सा, आणि सवाईच्या मांडवात थंडीत बसलेल्या हजारो लोकांना काही होत नाही, फार तर सर्दी.

तर मूळ मुद्दा. हिपहॉपवाल्यांनी ही चूक नाईलाजानं स्वीकारली, प्रयोगवाले इलेक्ट्रॉनिक लोक मात्र तिच्या मागेच लागले. इंग्लंडच्या रॉचडेलचे ऑटेकर हे दोघं इलेक्ट्रो-हिपहॉप आणि ग्राफिटी यांच्यावर वाढलेले, त्यांच्या कामात ठेका असतो पण त्याच्या फटक्यांचा पार लगदा झालेला असतो. पुढे अमेरिकेत डेथ ग्रिप्स हा रॅप गट आला, लॉस एंजेलिसचे क्लिपिंग आले, ज्यांचं नावच आवाजाच्या लाटेचं डोकं छाटलं जाण्यावरून आहे. आता आकडे गाळायला मशीन लागत नाही, बिटक्रशर नावाचं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमधे असतं, चाळणी काढा, आकडे कमी करा, भुतं हवी तेवढी. एमसी स्टॅन आपल्या पुण्याचा, त्यामुळे भाच्याच्या वर्गात रॅप करणारे ढीगभर आहेत, पण बीटमधे भुतं सोडणारा हा एकटाच, असं त्याचं म्हणणं.

परवा आम्ही घरीच प्रयोग केला. त्यानं लॅपटॉपवर चार ओळींचा कोड लिहून एक शिट्टी बनवली, दहा सेकंदांत अगदी खालून ११,००० हर्ट्झपर्यंत सरळ चढत जाणारी. मग चाळणी न लावता दर चारातला एकच आकडा ठेवला, म्हणजे सेकंदाला ११,०२५ उरले, आरसा साधारण ५,५०० ला. वाजवलं. शिट्टी चढत गेली, चढत गेली आणि बरोबर पाचव्या सेकंदाला कोणीतरी मान पकडून वळवल्यासारखी खाली उतरायला लागली. मी वर्गात हे आरसे पंधरा वर्षं काढतोय, कानानं कधी ऐकलं नव्हतं. "परत लाव," म्हटलं. परत लावलं. मग चाळणी लावून लावलं तर अर्ध्यावर शिट्टी नुसती नाहीशी झाली, अगदी सज्जनासारखी, त्यात काही मजा नाही. म्हणून तिसऱ्यांदा चाळणीशिवाय.

तेवढ्यात ताई आतून, "तीन झाल्या ना रे?" आणि गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

वरण कच्चं राहिलं. भाचा म्हणतो पुढच्या बीटमधे तो खटका घेणार आहे.