मास्क्ड आधार आणि व्हीआयडी, दोन्ही एकच नाहीत

मागच्या महिन्यात आईला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो होतो. लॉजच्या काउंटरवर मास्क्ड आधारची प्रिंट दिली तर तिथला मुलगा म्हणाला, "दादा हे नाही चालत, पूर्ण नंबरवालं द्या", आणि मागे उभे असलेले एक काका मला सांगायला लागले की अहो मग व्हीआयडी द्या ना, तेच असतं ते. तेच नसतं. आणि हा घोळ माझ्या घरात पण चारजणांचा आहे म्हणून लिहितोय.

मास्क्ड आधार म्हणजे आपलंच ई-आधार, फक्त पहिले ८ आकडे झाकलेले, शेवटचे ४ दिसतात. यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून डाउनलोड करताना एक टिक करायची, बास. पण फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता सगळं तसंच असतं, त्यामुळे नंबर झाकला तरी पत्ता त्या लॉजच्या फायलीत जातोच.

व्हीआयडी (व्हर्च्युअल आयडी) हा कागद नाहीच. तो १६ आकडी तात्पुरता नंबर, २०१८ मध्ये आला. जिथे मशीनवर किंवा ऑनलाइन आधार पडताळणी होते, म्हणजे ओटीपी येतो किंवा अंगठा लागतो, तिथे १२ आकडी नंबराऐवजी हा टाकायचा. त्यावरून मूळ आधार नंबर काढता येत नाही आणि नवीन बनवला की जुना बाद. रजिस्टर मोबाइलवरून १९४७ ला एसएमएस करायचा, इंग्रजीत जीव्हीआयडी, स्पेस, आधारचे शेवटचे ४ आकडे, की झालं.

म्हणजे लॉजवर व्हीआयडी सांगून काही उपयोग नाही, त्याला कागद हवा असतो. आणि ऑनलाइन केवायसीत मास्क्ड प्रिंट हातात धरून उपयोग नाही, तिथे नंबर टाकावा लागतो.

मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू ऑफिसने झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. मला वाटतं तेव्हापासून लोक जास्तच गोंधळले, काउंटरवरची माणसं तर नक्कीच. मी शेवटी लायसन्स दिलं. वीस मिनिटं गेली, आई बॅगेवर बसून होती.

झेरॉक्सच्या दुकानाचं मात्र वेगळंच. "वॉट्सॲपला टाका" म्हणतात, आपण ई-आधारची पीडीएफ टाकतो, पासवर्ड दुकानात मोठ्याने सांगतो (नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्मसाल, ओळखीच्या कुणालाही कळेल असा), आणि फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच राहते. निदान तिथे तरी मास्क्डच टाका आणि प्रिंट झाली की समोर उभं राहून डिलीट करून घ्या, वाईट वाटलं त्यांना तरी चालेल.

आईचा व्हीआयडी परवाच काढला. पण तिच्या पूर्ण नंबरच्या झेरॉक्स सिमवाल्याकडे, गॅस एजन्सीत, जुन्या दोन घरमालकांकडे पडल्यात, त्या काही परत मागता येत नाहीत. म्हणून तिचं आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून ठेवलंय. त्यामुळे रेशनला मशीनवर तिचा अंगठा चालत नाही, आणि तात्पुरतं अनलॉक काही मिनिटांपुरतंच असतं, मग तिचा नंबर आला की मी शेजारी उभा राहून फोनवरून उघडून देतो.